दोन हजार नंबरचा कागद

गोणपाटात गुंडाळून आणलं पोरानं,
येझडीचं झाकण, डाव्या अंगाचं,
जिथं किक नि गिअर एकाच दांडीनं चालतात.
"काका, यात तोंड दिसाय पाहिजे."
कुणाचं, म्हटलं.
हसला. होसूरचा जोतिबा,
मिशी अजून धड फुटलेली नाही.

वर जुनं वार्निश, तेलाचा काळा थर
आणि खाली एक खोल ओरखडा, वीतभर.
चोर्ल्याच्या घाटात पडलो, म्हणाला,
म्हणजे बाप पडला होता, लग्नाच्या आधी.
बाप आता स्कुटी चालवतो.

सव्वीस वर्षं उद्यमबागेत बफला उभा होतो मी.
नळ, दारांच्या मुठी, पंपांचे पंखे,
कुठल्या कुठल्या घरात गेलं असेल सगळं.
आता परसात, रुब्बूच्या दगडाशेजारी,
विहीर बुजवल्यावर उरलेली मोटर.
अर्धा हॉर्सपॉवर. तेवढी पुरते.

आधी दोनशेवीस. पाण्यात डिझेलचा एक थेंब.
आडवं, फक्त आडवं.
मग चारशे, उभं,
आडवी रेघ एकही दिसेनाशी होईपर्यंत.
मग आठशे, परत आडवं.
भिंतीपलीकडं निंगव्वाचा माग खटखटत असतो,
वडगावात रात्र अशीच जाते.
तिचंही उभं-आडवंच.
तिच्याकडं वीत वीत लुगडं साठतं,
माझ्याकडनं राखाडी पाणी मोरीला जातं.

ओरखडा बुजवता येत नाही.
तो घालवायचा तर आजूबाजूचं सगळं
त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं.
तेवढी जाडी गेली ती गेली.
म्हणून फोन केला जोतिबाला, काढू का ठेवू?
तो म्हणाला, थांबा, पप्पांना विचारतो.
मागनं आवाज आला, "काढा."
लगेच. प्रश्न पुरा व्हायच्या आत.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
आणि मीही विचारलं नाही
मागं कोण बसलं होतं.

दोन दिवस गेले त्यात.
हजार. दीड हजार. दोन हजार,
हा कागद हाताला कागद वाटतच नाही,
पानाच्या मागच्या बाजूसारखा लागतो.
मग मोटर, मागाच्या चिंध्यांचा बफ, लाल साबण.
साबणाचा तेलकटपणा जायला शेवटी गव्हाचं पीठ.
शेवंता डबा लपवते.
"चपात्या खातं का तुमचं ते झाकण?"
मूठभर देते पण.

गेल्या महिन्यात रेशनच्या मशीननं
माझा अंगठा घेतला नाही.
पुसून लावला, फुंकर मारून लावला,
डावा लावला, मग एकेक बोट.
रांगेतनं कोण तरी म्हणालं,
"अज्जा, तुमचा हात कोरा हाय की."
शेवटी शेवंताचं बोट चाललं नि तांदूळ मिळाले.
घरी येईस्तोवर ती काही बोलली नाही,
फक्त पिशवी तिनं धरली.

निंगव्वा आली मोजमापाची पट्टी मागायला.
झाकण दिसलं तशी वाकली,
आबोलीचा गजरा सारखा केला,
दात बघितले, मान वळवून कान बघितला.
मी अजून घासतच होतो.
"साकु, अज्जा," म्हणाली, "इन्नू एष्टु?"
बास म्हणजे बास, कुठल्याही भाषेत.
पण ओरखडा होता तिथं आली
तेव्हा तिचं नाक जरासं पसरलं.
तिला वाटलं, आरसा असाच असतो.
मला ठाऊक आहे तिथं खळगा आहे,
केसाएवढा. उजेड तिथं किंचित घसरतो.

जोतिबा आला संध्याकाळी.
ठरले होते तीनशे, त्यानं चारशे दिले,
म्हणाला, पप्पांनी सांगितलंय.

झाकण माझ्या हातनं त्याच्या हातात गेलं.
मी धरलं होतं तिथं थोडी वाफ, एवढंच,
बघता बघता तीही गेली.
त्यानं धरलं तिथं पाचही बोटं उमटली,
रेघ न रेघ, भोवरे,
अंगठ्यावर कापल्याची एक खूण.
फडकं माझ्या खांद्यावरच होतं.
म्हटलं, ने तसंच.